फौजदार घाबरतो म्हणून

आमच्या कुत्र्याचं नाव फौजदार. नाव ठेवलं तेव्हा तो दोन महिन्यांचा होता आणि आमचा अंदाज साफ चुकला. तो उघड्या छत्रीला घाबरतो, नव्या बादलीला घाबरतो. एकदा सोफ्याचं कव्हर बदललं, तर दोन दिवस सोफ्याला वळसा घालून जात होता. त्यामुळे बाबांचा वॉकर घरात आला तेव्हा काय होणार हे ठरलेलंच होतं. चार पाय फरशीवर टक्क वाजले आणि फौजदार पलंगाखाली फरार.

"बघा," बाबा समाधानानं म्हणाले आणि परत खुर्चीत बसले. "मुकं जनावर घाबरतंय. मी नाही हे वापरणार."

खुब्याचं ऑपरेशन होऊन त्यांना पंधरा दिवस झाले होते. महिन्याभरात चालले नाहीत तर खुर्ची कायमची, असं सर्जननी बजावलं होतं. पूर्वी बाबा फौजदारला दोन वेळा फिरवून आणत. आता दोघं खिडकीतून रस्ता बघत बसत.

मी मर्दासारखा उपाय केला. फौजदारला उचलून थेट वॉकरपाशी नेलं. एकदा भीती मोडली की झालं! भीती मोडली नाही, त्याच्या धडपडीत माझा चष्मा मोडला. फौजदार दिवसभर जेवला नाही.

"पोहायला शिकवायचं म्हणून विहिरीत ढकलणारा माणूस तू," बायको म्हणाली आणि तिनं प्राण्यांच्या डॉक्टरबाईंना फोन लावला. ठेवल्यावर म्हणाली, "वॉकर लांब ठेवायचा. इतका लांब, की हा शांत बसेल. बघितलं की खाऊ द्यायचा. रोज थोडं जवळ. याला ओढायचं नाही."

बाबांनी कान टवकारले. त्यांनी छत्तीस वर्षं मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये लोकांना गाडी शिकवली होती.

"म्हणजे शिकाऊ उमेदवार आहे! आधी नाही का सांगायचं? पहिल्याच दिवशी हायवेवर कोण नेतं? सूनबाई, चिकन उकड. आणि माझ्या ट्रंकेतली ती लाल 'एल'ची पाटी आण."

पाटी वॉकरला बांधली. बाबांची खुर्ची आणि वॉकर बाहेरच्या दाराशी, फौजदार स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात. त्यानं बघितलं की बाबा तुकडा फेकत. दुसऱ्या दिवशी वॉकर एक फरशी पुढे न्यायचा होता. मी हात घातला.

"हात काढ! आपटतोस तू. शिकाऊ बिचकेल."

ते स्वतः उठले. वॉकर न वाजवता उचलला, ठेवला, पाऊल टाकलं. "क्लच सावकाश सोडला की गचका बसत नाही, कळलं?"

"बाबा, तुम्ही चा..."

बायकोनं माझ्या पायावर पाय दिला. वाक्य पूर्ण केलं असतं, तर बाबा पुन्हा खुर्चीत गेले असते.

रोज एक फरशी वाढत गेली, आणि बाबा दिवसातून दहादा खुर्चीपासून तिथवर जाऊन परत येऊ लागले. पण सहाव्या दिवशी चमचा पडला आणि फौजदार पलंगाखाली गेला. "होतं असं," बाबा म्हणाले आणि वॉकरसकट चार फरशा मागे आले. तिथून पुन्हा सुरुवात केली. अकराव्या दिवशी फौजदार आपणहून पुढे आला. त्यानं पाटी हुंगली, चाटली आणि वॉकरच्या चार पायांमध्येच बैठक मारली.

"पास!" बाबा ओरडले. उरलेलं चिकन एकट्या फौजदारनं संपवलं.

दुसऱ्याच दिवशी दोघं फिरायला बाहेर पडले, मागे मी. कोपऱ्यावर कुणीतरी नवा पिवळा कचऱ्याचा डबा ठेवला होता. फौजदार थिजला. बाबाही थांबले. "घाई नाही रे. बघून घे."

मागून सायकलची घंटी वाजली. बाबांनी पाटीकडे बोट दाखवलं. "शिकाऊ आहे, दिसत नाही?"

"कोण, आजोबा?" सायकलवाल्या बाईंनी विचारलं.

बाबांनी बिनदिक्कत फौजदारकडे बोट दाखवलं.