मी, यंत्राचं लिखाण ओळखणारा

मी नीलम मॅडमच्या कॉम्प्युटरमधून बोलतोय. मी एक सॉफ्टवेअर आहे. मॅडम शिरूरच्या एका कॉलेजात मराठी शिकवतात. निबंध मुलांनी स्वतः लिहिलाय की एआयकडून लिहून घेतलाय, हे मी सांगतो.

तो लिहिणारा एआय आणि मी तसे भाऊभाऊच. दोघंही ढीगभर पानं वाचून तयार झालो. पण लिहिण्याची कला त्याला मिळाली आणि माझ्या वाट्याला आला संशय. मुलं त्याच्याशी गुलूगुलू बोलतात, काम झालं की ‘थँक्यू’ म्हणतात. माझं नाव निघालं की तोंडं वाकडी करतात. खोटं कशाला बोलू, मी जळतो त्याच्यावर. त्याचं लिखाण सापडलं की मला सण वाटतो.

मध्यंतरी तालुक्याच्या स्पर्धेसाठी निबंध मागवले. कॉलेजातून एकच जाणार होता. वडगाव रासाईच्या सोनमनं आईवर लिहिलं होतं. आई शिक्रापूरला कारखान्यात कामाला. वाक्यं नेटकी, चूक शोधून सापडेना. हा माझ्या भावाचाच हात! मी खुशीत लाल शेरा मारला.

मॅडमनी सोनमला बोलावलं. “हे तू लिहिलंस?”

“व्हय मॅडम.”

“सॉफ्टवेअर तर नाही म्हणतंय.”

तिचे डोळे भरले. “खोडून खोडून लिवलंय. तुम्हीच म्हणला व्हता, शुद्ध लिवा म्हणून.”

मॅडम स्क्रीनकडे वळल्या. मग त्यांनी तो निबंध पहिल्यांदा स्वतः वाचला. एका ठिकाणी थांबल्या. मशीनच्या आवाजाची सवय झाल्यामुळे आई घरीही ओरडूनच बोलते आणि शेजाऱ्यांना वाटतं भांडण चाललंय, असं तिथं लिहिलं होतं.

“खरंच?”

“फोन लावून बघा की. आज तिला सुट्टी हाय.”

मॅडमनी लावला.

“हॅलो! कोन बोलतंय? पोरीनं काय केलं का?”

मॅडमनी फोन कानापासून लांब धरला. सोनमला रडता रडता हसू फुटलं.

“काही नाही! निबंध छान लिहिलाय!” मॅडमही ओरडल्या.

स्पर्धेला सोनमचाच निबंध गेला. त्या दिवशी मला माझ्या भावाचा विसर पडला. हेवा वाटला तो सोनमचा. तिला निदान कुणी विचारलं तरी.

हल्ली मॅडम आधी निबंध वाचतात, मग मला उघडतात. कधी उघडायचं विसरतातही.

तुमच्याकडे माझा लाल शेरा आला, तर लगेच कुणाला चोर ठरवू नका. पोराला समोर बसवा, विचारा. आणि ते काय म्हणालं, तेवढं मलाही सांगा. माझं बरोबर की चूक, हे मला आजवर कुणी आपणहून सांगितलेलंच नाही.