मुंडी कोंबडीला असती

लीलाबाई फुगडीत आयुष्यात कधी हरल्या नव्हत्या, आणि सरळ खेळून कधी जिंकल्याही नव्हत्या. फुगडी रंगात आली की त्या एकदम ओरडायच्या, "साप गं बाई, पायाखाली!" समोरची दचकायची, तिचे हात सुटायचे आणि लीलाबाई जिंकायच्या. कुणी भांडायला गेलं तर म्हणायच्या, "पंचमीच्या दिसांत नागोबाची आठवण काढली, तर त्ये फशिवणं झालं व्हय गं?" मी त्यांची शेजारीण. तो साप माझ्याही पायाखालून कैकदा गेलाय.

तेव्हा महायुद्ध चालू होतं. लीलाबाईंचा एकुलता एक मुलगा मानसिंग लग्न होऊन वर्ष व्हायच्या आत पलटणीतून इटलीला गेला होता. घरात उरल्या दोघी, लीलाबाई आणि सून राहीबाई. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही ही रीत आम्ही सगळ्याच पाळायचो, पण राहीबाईचं पाळणं जरा सोवळ्यातलं होतं. नवरा मानसिंग, म्हणून तिनं 'मान' हा शब्दच टाकला होता. मान अवघडली तर म्हणायची, "मुंडी धरलीया." माहेर माण तालुक्यातलं, तर सांगायची, "वडूजच्या पल्याड." तो ण वेगळा आणि हा न वेगळा हे तिला कळत होतं, पण उगीच जोखीम कशाला?

लीलाबाईंना मुलाचं नाव घ्यायला कोण अडवणार होतं? पण तो गेल्यापासून त्यासुद्धा नुसतं 'त्यो' म्हणायच्या, कारण नाव ओठांवर आलं की त्यांना रडू फुटायचं. म्हणजे त्या घरात मानसिंगचं नाव कुणाच्याच तोंडून निघत नव्हतं.

पंचमी तोंडावर आली तसा राहीबाईचा भाऊ आप्पासो तिला माहेरी न्यायला, मुराळी म्हणून, बैलगाडी घेऊन आला. मागच्या पंचमीला तिला माहेर घडलं नव्हतं, त्यामुळं पोरगी नुसती हरखून गेली. लीलाबाईंनी पाहुण्याला गूळपाणी दिलं आणि म्हणाल्या, "धाडती की. पर आदी माझ्यासंगं एक फुगडी. जिकली तर माहेर, हारली तर पंचमी हितंच."

मला रागही आला आणि हसूही. सून गेली की ही बाई भिंतींशी बोलत बसणार, भीती तेवढीच होती. पण "जाऊ नगंस, मला करमत न्हाई" असं सरळ बोलल्या, तर त्या लीलाबाई कसल्या!

संध्याकाळी चौकात बायका जमल्या. आमच्याकडं फुगडीत कोडी घालतात. हात सुटले तर हार, आणि फिरता फिरता उत्तर आलं नाही तरी हार. दोघींनी हात गुंफले, पाय जुळवले, आणि फुगडी भिंगरीसारखी फिरू लागली.

"साप गं बाई!" लीलाबाई ओरडल्या.

"असू द्या आत्याबाई," राहीबाई म्हणाली, "त्येलाबी पंचमीला माहेरी जायाचं आसंल."

आम्ही पोट धरधरून हसलो. लीलाबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी वेग वाढवला आणि कोडं घातलं, "बाईनं खाली घालायची, बाप्यानं ताठ ठेवायची, बैलानं जुवाला द्यायची. सांग, काय?"

आमचं हसू जागीच थांबलं. उत्तर सगळ्यांना आलं होतं, राहीबाईलाही आलं होतं, आणि म्हणूनच तिला ते देता येत नव्हतं.

"मुंडी!" ती म्हणाली.

"मुंडी कोंबडीला असती. मानसाला काय असती?"

"आवं लीलाबाई, ह्यो अन्याव हाय!" मी ओरडले.

"कसला अन्याव? बारक्या पोराला इचार, त्येबी सांगंल."

हात गुंतलेले, खूण करायचीही सोय नव्हती. राहीबाईचे डोळे भरून आले. कडेला उभा असलेला आप्पासो धोतराचा सोगा उगीच पिळत होता. संपलं, असं मला वाटलं. तेवढ्यात त्या पोरीनं खाली घातलेली मान वर केली आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

"बैल देतो जुवाला, बाप्या ठेवतो ताठ,
मानसिंगरावांचं नाव घेते, बघते त्यांची वाट!"

उखाण्यात नाव घ्यायला कुठल्या सासूची ना असते? रीतही राहिली आणि उत्तरही आलं. पण आम्ही टाळी वाजवायच्या आधीच लीलाबाईंचे हात सुटले. जन्मात कधी न सुटलेले हात! त्या दोन पावलं मागं गेल्या आणि मटकन खाली बसल्या.

"घाम आलता हाताला," त्या म्हणाल्या. मग सवयीनं, "आन् म्या नुसती मान इचारली हुती. हिनं आख्खं नाव सांगितलं. ह्ये चालायचं न्हाई."

राहीबाई त्यांच्याजवळ बसली. "मग त्यातलं तुमचं तेवढं काडून घ्या, आत्याबाई. ऱ्हायलेलं माझ्यापाशी ऱ्हाऊ द्या."

लीलाबाईंनी पदर तोंडाला लावला. आम्ही बायका इकडंतिकडं बघू लागलो. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू.

सकाळी गाडी जुंपली. लीलाबाईंनी शेंगांच्या लाडवांचं गाठोडं ठेवलं, सुनेच्या कपाळाला कुंकू लावलं आणि चाकासमोर उभ्या राहिल्या.

"जाताना त्यो उखाणा घिऊन जायाचा. नियम हाय."

"कवापास्नं?"

"आत्तापास्नं."

राहीबाई लाजली, पण तिनं घेतला. लीलाबाईंनी डोळे मिटून ऐकला आणि हात कानामागं धरला. "ऐकू आलं न्हाई गं. पुन्ना घे."

चौथ्या घरातलं भांडण शब्दन् शब्द ऐकणारी बाई ती. आप्पासो बैलांचे कासरे धरून ताटकळला होता. राहीबाईनं सासूकडं बघितलं आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं ते नाव पुन्हा घेतलं.