चार नंबरची टाकी

नाकशेठ हे नाव त्याला कारखान्याने ठेवलं होतं, आणि ते शोभतही होतं. चार जातींच्या द्राक्षांची तांबडी वाइन, गोडीचा लवलेश नसलेली, फार जड नाही की पाणचट नाही, दर वर्षी त्याच्याच नाकावर ठरायची. एकीचा रंग, दुसरीचा वास, तिसरीचा आंबटपणा, चौथीचा तुरटपणा. चार सवती एका घरात नांदवायच्या, तसलंच काम ते.

यंदा मात्र चौथीच्या नमुन्याला त्याने हात लावला नव्हता. ती चार नंबरच्या टाकीतली. वाइन काढून घेतल्यावर तळाशी उरलेला सालींचा चोथा ओढायला चार महिन्यांपूर्वी त्याचा धाकटा भाऊ त्या टाकीत उतरला, तो वर आलाच नाही. चोथा आंबत राहतो आणि त्यातून वायू निघतो. त्याला ना रंग, ना वास. तिथे नाकशेठचं नाकही आंधळं. म्हणून उतरण्याआधी दोरीला बांधून पेटती मेणबत्ती खाली सोडायची. विझली तर उतरायचं नाही.

मेणबत्ती नाकशेठनेच सोडली होती, जेवणाआधी. ती नीट जळत राहिली. मग गप्पांत जेवण लांबलं. परत आल्यावर भावाने विचारलं, "दादा, बघितलंस ना?"

"बघितलंय. उतर."

पुन्हा बघायला दोन मिनिटं लागली असती.

ही गोष्ट दोघांनाच ठाऊक होती, आता एकालाच. कागदावर लिहिलं गेलं की मयताने नियम मोडला, आणि नियम मोडणाऱ्याच्या घरच्यांना कारखान्याची खोली ठेवता येत नाही. भावजयीला दोन पोरी घेऊन महिनाअखेर बाहेर पडायचं होतं.

यंदाचं मिश्रण चाखायला मालकांनी पेला तोंडाला लावला आणि खाली ठेवला. "पाणचट आहे. चौथी घातली नाहीस?"

नाकशेठला राहवेना. "मालक, त्या दिवशी मेणबत्ती मी सोडली होती. जेवणानंतर परत बघितलं नाही. चूक माझी. कागद बदला, तिची खोली राहू द्या."

मालकांनी पेला बाजूला सारला. "कागद बदलला तर तुला काढावं लागेल. हे मिश्रण दुसरं कोण करणार? खोली राहील तिची. कागद आहे तसा राहील. आणि तू काही बोलला नाहीस."

नाकशेठने नमुन्याची बाटली जवळ ओढली. चौथीचं बूच काढलं आणि मापाने ओतलं. वाइन अशी जमली की त्याला स्वतःची किळस आली.

संध्याकाळी तो भावजयीकडे गेला. बातमी त्याच्याआधीच पोचली होती.

"भाऊजी, तुम्ही शब्द टाकलात म्हणून छप्पर राहिलं," ती म्हणाली. मग पदराने डोळे पुसले. "पण माझा ह्यांच्यावरचा राग काही जात नाही. एवढीशी मेणबत्ती सोडायला काय झालं होतं? पोरींचा तरी विचार करायचा."

ती उत्तराची वाट बघत होती. दोन्ही पोरीही त्याच्याच तोंडाकडे बघत होत्या. खरं ते अगदी ओठांवर आलं होतं.

"घाई नडली त्याला," नाकशेठ म्हणाला. "लहानपणापासून तसाच होता."