चाळीस खापरं पुण्याला

एकाच दिवसात तिसरा फोटो आला, तेव्हा भूमिकाने फोन पालथा करून ओट्यावर ठेवून दिला. पहिल्या दोन फोटोंत खापराचे चार-पाच तुकडे होते. तिसऱ्यात तिने मोजले, अकरा.

खापर म्हणजे परातीएवढं, घुमटासारखं मातीचं भांडं. ते चुलीवर पालथं घालायचं आणि हातांवर फिरवून-फिरवून रुमालाएवढी वाढवलेली पुरणपोळी त्याच्या पाठीवर टाकायची. रावेरकडे सणाला दुसरी पोळी कोणी पोळी मानत नाही. गाव सोडून गेलेल्यांना हे खापर शहरात मिळत नाही, हे भूमिकाला एका लग्नात कळलं होतं. पुण्या-मुंबईच्या चार बायका तिथे खापराचीच चौकशी करत होत्या. तिने शेजारच्या गावच्या चिंधा कुंभाराकडून खापरं घेतली, फोनवर फोटो टाकले आणि संक्रांतीपासून विकायला सुरुवात केली. मागणी लगेच आली. पण पाठवलेल्या नऊ खापरांपैकी सहा फुटून पोचली.

तिसरा फोटो पाठवणाऱ्या बाईंचं नाव सारिका. मूळच्या पाचोऱ्याच्या, वीस वर्षांपासून पुण्यात. फोटोखाली त्यांनी लिहिलं होतं, ‘माझ्या आईचं होतं तसंच खापर दिसलं म्हणून मागवलं. तुकडे आले. आपल्याकडची माती घरात आली एवढंच समाधान.’

रागावून लिहिलं असतं तर भूमिकाला बरं वाटलं असतं. तिने सरळ फोन लावला आणि माफी मागितली. सारिकाताईंनी ती ऐकून घेतली आणि मग त्या भलतंच बोलायला लागल्या. पुण्यातल्या खान्देशी मंडळींचं एक मंडळ होतं. यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, एका मोठ्या मैदानावर चाळीस चुली मांडायच्या आणि चाळीस बायकांनी एकाच वेळी खापरावरची पोळी करायची, असं त्यांनी ठरवलं होतं. चुलींसाठी विटा मिळाल्या होत्या, लाकूड मिळालं होतं. खापरं मिळत नव्हती.

“एक खापर पुन्हा पाठव,” त्या म्हणाल्या. “ते अखंड आलं तर बाकीची एकोणचाळीस तुझ्याकडूनच घेईन. नाही आलं, तर आम्ही लोखंडी तव्यांवर करू. आखाजीला अठरा दिवस आहेत, बघ.”

फोन ठेवला तेव्हा भूमिकाचे कान गरम झाले होते. चाळीस खापरं! नवरा हितेंद्र केळीच्या मळ्यातून जेवायला आला, तर तिने त्याला पाणी द्यायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. मग ट्रॅक्टरवर त्याच्या शेजारी बसून ती चिंधाकडे गेली. खापर जरा जाड करा, असं तिने त्याला सांगितलं.

चिंधाला ते लागलं. त्याने भट्टीतून निघालेलं एक खापर उचललं, बोटाच्या पेराने वाजवलं. घंटेसारखा आवाज निघाला. मग अंगणातल्या वाळूच्या ढिगावर ते पालथं ठेवलं, नीट दाबून बसवलं आणि स्वतः हळूच त्याच्यावर बसला. चांगला भरल्या अंगाचा माणूस. खापराला काही झालं नाही.

“वजनानं नाही फुटत ते, बाई,” तो बसल्या-बसल्याच म्हणाला. “दणक्यानं फुटतं. आन खाली वाळू हाये म्हनून मी बसलो. फरशीवर नसतो बसलो.”

येताना भूमिका पूर्ण रस्ताभर वाळूचाच विचार करत होती.

घरी सासरे तोतारामआबा ओट्यावर बसले होते. तीस वर्षं त्यांनी केळी भरण्याचं काम केलं होतं, आधी रेल्वेच्या डब्यांत आणि मग दिल्लीकडे जाणाऱ्या ट्रकांत. आता गुडघे धरल्यामुळे ते घरी असत. सुनेच्या या उद्योगाबद्दल त्यांनी आजवर एक शब्द काढला नव्हता. त्या दिवशी मात्र तिने नवं खापर आणून वर्तमानपत्रात गुंडाळलं, खोक्यात घातलं, चारही बाजूंनी टेप मारली आणि लाल पेनाने मोठ्या अक्षरांत ‘नाजूक माल, जपून उचला’ असं लिहिलं, तेव्हा ते उठून जवळ आले.

“उचल ते खोकं आन हलव,” ते म्हणाले.

तिने हलवलं. आतून खडखड आवाज आला.

“ऐकलं? वाजलं म्हनजे हललं, आन हललं म्हनजे गेलं. केळीची फणी ट्रकमधी बोटभर हलली तं दिल्लीले काळी होऊन उतरते. हे तं माती हाये.” मग लाल अक्षरांकडे बोट दाखवून ते म्हणाले, “आन हे कोनासाठी लिवलं? गाडी भरनाऱ्याले वाचायले येळ नसतो. मी तीस वर्षांत एक खोकं वाचलं नाही. फेकलं ते पडलं पाहिजे आन पडून बी वाचलं पाहिजे, असं बांध.”

भूमिकाला वाईट वाटलं नाही. तिला उलट हुरूप आला. इतके दिवस ज्या माणसाच्या पुढ्यात बसून ती खोकी बांधत होती, त्याच्याकडेच सगळं ज्ञान होतं आणि तिने कधी विचारलं नव्हतं. आबांनी एका गिऱ्हाइकाने परत पाठवलेलं फुटकं खापर मागून घेतलं. तुकडे जमिनीवर जुळवत त्यांनी तिला दाखवलं, की प्रत्येक भेग काठापासून सुरू होऊन वर गेली आहे. म्हणजे दणका काठाला बसत होता. खापराचा सगळा भार त्या पातळ काठावर आणि काठ खोक्याच्या कडक तळावर. शिवाय पोटात पोकळी.

दुसऱ्या दिवसापासून घरात प्रयोग सुरू झाले. काठाखाली वाळूसारखं मऊ पण हलकं काहीतरी हवं होतं. बबल रॅप आणायला रावेरला जावं लागलं असतं. आबांनी मागच्या मळ्याकडे मान वळवली. घड उतरवून झालेल्या केळीचे खांब तिथे पडलेच होते. त्यांची सोपटं, म्हणजे खोडाचे पापुद्रे, उकलून काढली की आत स्पंजासारखी पोकळ जाळी असते. भूमिकाने सोपटांच्या घड्या घालून खोकं भरलं आणि ओट्यावरून खाली लोटून दिलं. खापर वाचलं. ती एवढी खूश झाली, की तिने सारिकाताईंना कळवायला फोन हातात घेतला. आबा म्हणाले, उद्यापर्यंत थांब.

सकाळी खोक्याचा तळ ओला होऊन लिबलिबीत झाला होता. सोपटं वरून वाळलेली दिसत होती, पण आत पाणी होतं. तीन दिवसांच्या प्रवासात पुठ्ठ्याचा लगदा झाला असता, आणि बुरशी आली असती ती वेगळी.

मग सोपटं गच्चीवर टाकली. वैशाखाच्या तोंडावरचं जळगावचं ऊन. दोन दिवसांत ती कागदासारखी कुरकुरीत झाली. पण आता आणखी एक अडचण आली. वाळलेल्या सोपटांच्या घड्या काठाखालून सरकून जात आणि काठ पुन्हा उघडा पडे. भूमिका तीनदा भरून तीनदा मोकळं करून बसली. तिचं चाललेलं पाहत सासूबाई, बेबाबाई, दारात ज्वारी निवडत होत्या. त्यांनी सूप बाजूला ठेवलं, दोन मुठी सोपटं उचलली, पाण्याचा हात लावून पिळली आणि डोक्यावर हंडा घ्यायला करतात तशी एक भलीमोठी चुंबळ वळून सुनेच्या पुढ्यात टाकली.

“हिच्यावर बसव,” एवढंच त्या म्हणाल्या.

चुंबळ उन्हात पुन्हा वाळवली आणि खापर तिच्यावर ठेवलं. काठ त्या कड्यात असा रुतून बसला, की हलवूनही हलेना. पाठीवर दुसरी, लहान चुंबळ. पोटात वाळल्या पाल्याची गच्च पिशवी. हे सगळं एका खोक्यात आणि ते खोकं आणखी मोठ्या, पाच पदरी पुठ्ठ्याच्या खोक्यात. दोन्हींच्या मध्ये चारही बाजूंनी चार-चार बोटं सोपटं. झाल्यावर आबांनी स्वतः खोकं उचलून कानाशी धरून हलवलं. आवाज नाही.

तोवर गल्लीत बातमी पसरली होती, की तोतारामकडे मडकी गच्चीवरून फेकतात. दहा-पंधरा माणसं जमली. हितेंद्र खोकं घेऊन गच्चीच्या कडेला उभा राहिला. भूमिकाने खालून हात वर केला आणि त्याने सोडून दिलं. खोकं कोपऱ्यावर आदळलं, उसळलं, आडवं झालं. कोपरा चेपला होता. भूमिकाने टेप फाडली. तिने वरचं खोकं काढलं, आतलं काढलं, सोपटं उपसली आणि खापर दोन्ही हातांनी वर घेऊन पेराने वाजवलं.

घंटा वाजली. गल्लीतल्या बायका हसायला लागल्या. एकीने तर पुन्हा टाका म्हणून आग्रह धरला. त्यांनी पुन्हा टाकलं. दुपारी हितेंद्रने तेच खोकं रिकाम्या ट्रॉलीत न बांधता ठेवलं आणि खड्ड्यांच्या रस्त्याने रावेरला जाऊन आला. खोकं ट्रॉलीभर फिरलं होतं, पण खापराला ओरखडासुद्धा नव्हता.

संध्याकाळच्या गाडीने नवं खापर पुण्याला निघालं.

पुढचे तीन दिवस भूमिका दर अर्ध्या तासाने फोनवर पार्सल कुठे आहे ते पाहत होती. भुसावळ. जळगाव. मग एक पूर्ण दिवस काहीच नाही. मग नाशिक. चौथ्या दिवशी दुपारी सारिकाताईंचा व्हिडिओ कॉल आला, तेव्हा आबा, बेबाबाई आणि हितेंद्र तिघेही तिच्या मागे येऊन उभे राहिले. सारिकाताईंनी आधी खोकं दाखवलं. त्याची एक बाजू आत गेली होती, जणू कोणी त्याच्यावर पाय देऊन उभं राहिलं होतं. “हे बघ कसं आलंय,” त्या म्हणाल्या. भूमिकाने ओठ दाताखाली धरला.

एक खोकं निघालं. दुसरं निघालं. पडद्यावर नुसतीच सोपटं दिसत होती. मग सारिकाताईंचे हात थांबले. त्यांनी खापर बाहेर काढून मांडीवर घेतलं आणि त्यावरून तळहात फिरवला.

“वाजवा ना ताई,” भूमिका म्हणाली.

त्यांनी वाजवलं. तो आवाज फोनमधून गावापर्यंत स्वच्छ आला. आबा मागे फिरले आणि मळ्याकडे चालू लागले. आणखी सोपटं काढायला हवी होती.

आखाजीला आता आठच दिवस उरले होते. चिंधाकडे चोवीस खापरं तयार होती आणि कच्ची वाळत ठेवलेली वीसेक. चाळीस हा आकडा ऐकून तो आधी विश्वास ठेवेना. मग त्याने त्याच दिवशी भट्टी लावली. इकडे भूमिकाच्या अंगणात गल्लीतल्या सात बायका चुंबळी वळायला बसल्या. आबा खाटेवर बसून प्रत्येक खोकं हलवून पाहत आणि ज्यात जरा जरी आवाज येई ते परत उघडायला लावत. बायका कुरकुर करत, पण उघडत. भूमिकाने एकदा सांगून पाहिलं, की एवढंसं चालेल. आबांनी ते खोकं तिच्या कानाशी धरून हलवलं. तिने खोकं उघडलं. तिसऱ्या दिवशी सकाळी एकोणचाळीस खोकी ट्रॉलीत चढली, आणि एक जास्तीचं, न सांगता घातलेलं.

चार दिवसांनी सारिकाताईंचा निरोप आला. चाळीस खोकी पोचली होती. एकोणचाळीस खापरं अखंड होती. एकाला काठाशी केसासारखी भेग होती, पण जास्तीचं पाठवल्यामुळे काही अडलं नाही. भूमिकाने ते भेगेचं खापर भट्टीतलंच कच्चं असेल असं म्हणून पाहिलं. आबा म्हणाले की नाही, ती आपलीच चूक, कोणत्या खोक्यात कमी भरलं ते शोधून काढायचं. ती ‘हो’ म्हणाली. तिला आज काहीही कबूल होतं.

आखाजीच्या सकाळी व्हिडिओ आला. मैदानावर चुलींची लांबच लांब रांग, धूर, आणि प्रत्येक चुलीवर चिंधाचं खापर. भूमिकाने चिंधालाही बोलावून घेतलं होतं. तो फोन अगदी डोळ्यांजवळ धरून आपली एक-एक वस्तू ओळखत होता. ही पहिल्या भट्टीची, ही दुसऱ्या भट्टीची. व्हिडिओत ऐंशीच्या आसपासची एक आजी दोन्ही हातांवर पोळी फिरवत होती, आणि भोवती तरुण मुली फोन धरून उभ्या होत्या. पोळी वाढत-वाढत तिच्या कोपरांपर्यंत आली आणि तिने ती एका झटक्यात खापरावर टाकली. मुलींनी टाळ्या वाजवल्या.

भूमिकाने व्हिडिओ तिसऱ्यांदा लावला, तेव्हा बेबाबाई वाकून पाहत होत्या.

“म्हातारीचा हात चांगला हाये,” त्या म्हणाल्या. “पन पुरन कमी भरलं.”

आणि पदर खोचून त्या आपली चूल पेटवायला आत गेल्या.