तळाला काच असलेली होडी

मित्रांनो, मी एक जुनी होडी आहे. माझ्या तळाला मधोमध जाड काच बसवलेली आहे. सुताराने मला घडवले तेव्हा लोक त्याला हसले होते. "होडीला भोक पाडून काच लावतोस? डोकं ठिकाणावर आहे ना?" पण त्याने काचेच्या कडा अशा काही बुजवल्या की पाण्याचा एक थेंबही आत आला नाही.

माझ्यावर एका सासू-सुनेचे घर चालायचे. सून वल्हे मारायची आणि सासूबाई पाण्यात उतरायच्या. पाहुणे माझ्या काचेभोवती ओणवे व्हायचे. खाली सासूबाई श्वास रोखून प्रवाळांमधून फिरायच्या आणि एकेक गंमत बोटाने दाखवायच्या. कधी दगडाच्या रंगाचा ऑक्टोपस, कधी शिंपल्याचे निळे ओठ. "सासू खाली, सून वर, म्हणून आमच्यात भांडण नाही," असे सून म्हणाली की सगळे खो खो हसायचे. सासूबाई वर येऊन धापा टाकत विचारायच्या, "काय गं, मलाच हसत होता ना?"

मग किनाऱ्यावर मोठे रिसॉर्ट बांधायला घेतले. पाहुण्यांना मोकळी वाळू हवी म्हणून खारफुटीची झाडे तोडली गेली. वाहून येणारी माती तीच झाडे मुळांत अडवून धरत. आता ती सरळ समुद्रात येऊ लागली. त्यातच मोठ्या बोटी लागाव्यात म्हणून तळ खोदणारे यंत्र आले. प्रवाळांवर गाळ बसला. लोक माझ्या काचेत डोकावून म्हणत, "इथं तर काहीच दिसत नाही." हळूहळू ते येईनासे झाले.

एका सकाळी सासूबाई म्हणाल्या, "चल, काही जिवंत राहिलंय का, बघून येते."

"आई, ते यंत्र सुरू झालं तर?"

"आज सुट्टी असते त्यांची."

त्या उतरल्या. सुनेला काचेतून त्या स्पष्ट दिसत होत्या. एवढ्यात, सुट्टी असूनही, यंत्राची घरघर सुरू झाली. पाहता पाहता गाळाचा लोट आला आणि काचेखाली सगळे चहासारखे तपकिरी झाले. सासूबाई दिसेनाशा झाल्या.

"आई!" सून ओरडली. तिने ओढणी काढून यंत्राकडे फडकवली. यंत्र चालूच. उडी मारावी, तर मी वाहून जाणार, आणि सासूबाई वर आल्याच तर धरणार कशाला? तिने वल्हे उलटे धरले आणि दांड्याने माझ्या तळावर ठोकू लागली. ठक, ठक, ठक. दांडा निसटून काचेवर आदळला. तडा गेला. पाणी आत झिरपू लागले. आता मी फुटणार, असे मला वाटले. तरी मी मनात म्हणत होते, ठोक बाई, थांबू नकोस.

आणि मला खालून एक हात लागला. तो चाचपडत, सरकत काठापर्यंत आला. सुनेने मनगट पकडले, मग केस पकडले आणि त्यांना आत ओढून घेतले. सासूबाई गाळ ओकल्या. कितीतरी वेळाने त्यांना बोलता आले. "वर कुठं, खाली कुठं, काही कळेना गं. ठोकणं मोठं होत गेलं, तशी सरकत आले." सून माझ्यातले पाणी उपसत राहिली.

यंत्रचालकाला ओढणी दिसली होती, पण उशिरा. तो लहान बोटीतून आला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"खाली माणूस आहे, हे मला कुणी सांगितलंच नाही हो."

"माणूसच कशाला?" सासूबाई म्हणाल्या. "खाली सगळं जिवंतच होतं."

यंत्र त्या दिवशी थांबले. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू झाले. रिसॉर्ट उभे राहिले आणि आमच्या बाजूचे प्रवाळ मेले. दूरच्या टोकाला थोडे उरले आहेत. तिथेही खोदायचे ठरले, तेव्हा गावातल्या साऱ्या होड्या वाटेत आडव्या उभ्या राहिल्या. सासू-सून शेजाऱ्याच्या होडीत होत्या. ते काम अजून तरी अडलेले आहे. मी मात्र त्या रांगेत नव्हते. फुटक्या काचेची होडी पाण्यात कशी जाणार? मी वाळूवर पालथी पडून आहे.

मित्रांनो, समुद्र पाहायला जरूर या. पण मुक्कामाची जागा ठरेल, तेव्हा घरच्यांना एवढे विचारायला लावा, की ही खोली जिथे बांधली, तिथे आधी काय होते? उत्तर मिळेपर्यंत सामान आत नेऊ देऊ नका.