विभूतीवरची काळी रेघ

संकगिरीच्या नाक्यापुढे रस्त्याच्या दोन्ही अंगांना लॉरीच्या स्प्रिंगपाट्यांच्या सोळा भट्ट्या आहेत. पंधरांबद्दल मी काही बोलणार नाही, त्यांनाही पोट आहे. सोळावी माझी, पावायीची.

लॉरीत माणसं बघतात काय? रंग, फुलांच्या माळा, भोंग्याचा आवाज. खाली वाकून कोणी बघत नाही. सोळा टन सिमेंट बसतं ते पाट्यांवर. एकच जाड पाटा घातला असता तर पहिल्या खड्ड्यात काडकन गेला असता. म्हणून नऊ पातळ पाटे एकाखाली एक रचायचे, वरचा लांब, खालचा त्याहून आखूड, मधोमध बोल्ट, की झाला जुडगा. खड्डा आला की सगळे मिळून वाकतात, एकमेकांवर घासतात आणि त्या घासण्यातच धक्का जिरतो. सगळ्यात वरचा तो मुख्य पाटा. त्याची दोन्ही टोकं वळवून डोळे केलेले असतात, आणि त्या डोळ्यांतून तो लॉरीला धरून असतो. बाकीच्या आठांतला एखादा तुटला तर गाडी कण्हत घरी येते. पुढच्या चाकाच्या मुख्य पाट्याचा डोळा गेला तर आख्खा आस मागे सरकतो, गाडी एका बाजूला ओढते, आणि ड्रायव्हरच्या हातात स्टिअरिंग नुसतं शोभेला उरतं.

पाटा बसलेला असला, म्हणजे त्याची कमान गेली असली, तर पिकल्या पपईच्या रंगापर्यंत तापवायचा, ठोकून पुन्हा कमानीला आणायचा, तेलात विझवायचा आणि परत मंद आचेवर धरायचा. नुसता विझवला तर काचेसारखा फुटतो. जास्त धरला तर पुन्हा बसतो, म्हाताऱ्याच्या पाठीसारखा. आचेचा हा अंदाज आमच्या मारप्पनकडे आहे. तेवीस वर्षं माझ्याकडे घण मारतोय आणि तेवीस वर्षं माझ्याशी भांडतोय.

पारख मात्र माझी. पाटा दोरीला टांगायचा, हातोडीने टिचकी मारायची. चांगला पाटा देवळातल्या घंटेसारखा लांब बोलतो, तडा असला की मडक्यासारखा बसका. मी "अखंड" म्हटलं की ड्रायव्हर दुसऱ्यांदा विचारत नाही.

आयुधपूजेच्या आदल्या दिवशी दारात अकरा लॉऱ्या होत्या. दुसऱ्या दिवशी हत्यारं देवापुढे जाणार, म्हणून सगळ्यांना त्याच दिवशी काम हवं. समोर मारियम्मनच्या देवळाच्या कर्ण्यावर सकाळपासून नादस्वरम. त्या कलकलाटात मी अकराही जुडग्यांचे पाटे वाजवले, अकराही "अखंड" म्हणून बसवले.

आमच्याकडे एक रीत आहे. लोक पूजेला चाकाला, स्टिअरिंगला चंदन लावतात. आमच्या भट्टीत बसवलेल्या पाट्यांना पहिल्या खेपेआधी घरच्या बाईने तीन बोटांनी विभूती लावायची. माझे गुडघे आता वाकत नाहीत, म्हणून दोन वर्षांपासून हे काम सुनेकडे. मुलगा बोअरवेलच्या गाडीवर छत्तीसगडला असतो. सून तवमणी कुमारपाळयमची, हातमागवाल्यांची मुलगी. हिला लोखंडातलं काय कळणार, असं मी लग्नातच चारचौघांत म्हटलं होतं.

पूजेच्या सकाळी सेंगोडन लॉरी घेऊन आला. गाडी त्याची स्वतःची, आणि चालवतोही तोच. आदल्या संध्याकाळीच सिमेंट भरून ठेवलेलं, गाडी खालून धुऊन पाट्यांवर रॉकेल-तेल फवारलेलं. दुपारी म्हैसूरकडे निघायचं, वाटेत धिंबमचा घाट, सत्तावीस वळणं. आपली बायको आणि दोन मुली त्याने केबिनमध्ये बसवल्या होत्या. पूजेच्या खेपेला घरच्यांना माहेरी सोडायचा त्याचा शिरस्ता.

"अक्का, लवकर विभूती लावून टाका," तो म्हणाला. "मुलींनी चुरमुरे खाऊन संपवले, आता माझं डोकं खातायत."

तवमणी पदर खोचून पुढच्या चाकामागे शिरली. बराच वेळ बाहेर येईना.

"झोप लागली का गं?" मी ओरडले.

"अत्तै," तिथूनच सुनेचा आवाज आला, "इथं रेघ आहे."

"कसली रेघ?"

"डाव्या बाजूच्या मुख्य पाट्यावर. पुढच्या डोळ्याच्या मागे. मी विभूतीची तीन बोटं ओढली, आणि आता तिन्हीतून आडवी काळी रेघ येतेय. केसाएवढी."

"तेल लागलं असेल. पूस आणि परत लाव."

"दोनदा पुसलं. दोनदा तिथंच आली."

सेंगोडन हसला. "पोरी, तो पाटा काल अक्कांनी वाजवलाय."

"वाजवला असेल. मला त्या आवाजातलं कळत नाही, मला दिसतंय," ती म्हणाली. "आमच्याकडे ताण्यात हजारो धागे असतात, अण्णा. त्यातला एक तुटलेला असला तर शोधायला मला आठव्या वर्षापासून बसवायचे. ही रेघ तेलाच्या डागासारखी पसरत नाही. आतून येतेय."

मी तिथेच उभी. माझ्या दारात, माझ्या माणसांसमोर, माझी सून सांगत होती की मी अखंड म्हटलेला पाटा अखंड नाही. शिवी अगदी जिभेच्या टोकावर आली होती माझ्या. पण तिने जे सांगितलं ते मला पुरतं कळत होतं. फटीत रॉकेल शिरतं, वजनाखाली फट किंचित उघडते, रॉकेल बाहेर येतं, कोरडी भुकटी ते पिते आणि रेघ उठते. खडूची भुकटी लावून तडा शोधतात तो हाच प्रकार. चाळीस वर्षांत मी तो कधी केला नाही. मला कान आहेत ना.

"मारप्पन, खोल तो जुडगा."

मारप्पन जागचा हलला नाही. "कशाने खोलू? नखांनी?"

हत्यारं केळीच्या पानांवर देवापुढे होती. घण, पाने, जॅक, सगळ्यांना चंदन-कुंकू. पूजेच्या दिवशी हत्यार उचलायचं नाही, हा माझ्या सासऱ्यांचा नियम. सासरे गेल्यावर तो मी त्यांच्याहून कडक पाळला. एकाने पूजेच्या दिवशी स्वतःच्या सायकलीसाठी पाना उचलला, तर मी त्याला कामावरून काढला होता.

"उद्या खोलू, अक्का," मारप्पन हळू म्हणाला. "गाडी उद्या जाऊ दे."

"उद्या कसं?" सेंगोडन म्हणाला. "तिकडे माल उतरवायला माणसं बसलीत माझी वाट बघत. आणि मी म्हणतो, हवाय कशाला हा खटाटोप? अक्का, तुम्ही एक शब्द सांगा. काल म्हणालात तेच आज म्हणा, मी निघतो."

तो माझ्याकडे बघत होता. मी "अखंड" म्हटलं असतं तर तो खरंच निघाला असता. वर केबिनच्या खिडकीत धाकटी मुलगी पाय हलवत बसली होती.

मी देवापुढे गेले. पाना उचलला, घण मला उचलेना म्हणून ओढत आणला. चंदन पुसलं नाही.

"घे," मारप्पनला म्हटलं. "पाप माझ्या नावावर. तुझ्या नावावर तसंही खूप आहे."

"ते तुमच्याच नोकरीत जमा झालंय," तो म्हणाला, आणि देवापुढचा जॅक उचलून लावायला वाकला.

भरल्या गाडीखालून जुडगा काढायला तास गेला. मुख्य पाटा सुटा करून दोरीला टांगला. कर्णा त्या वेळी बंद होता. मी टिचकी मारली. आवाज लांब होता, पण शेवटी त्याला जराशी खरखर होती. काल ती मला ऐकू आली नव्हती. कर्ण्याला दोष देता आला असता, मी दिला नाही. कर्णा वाजत असताना वाजवलेला पाटा पुन्हा वाजवायचा असतो, हे मला माहीत होतं.

"मार," मी म्हटलं.

मारप्पनने डोळा ऐरणीच्या कडेबाहेर काढला आणि एकच घाव घातला. डोळा तुटून मातीत पडला. त्याने तो उचलून माझ्या हातात दिला. तुटल्या जागेची दोन बोटं रुंदी काळी होती, जुनी, गंज चढलेली. उरलेलं बोटभर लोखंड चांदीसारखं लखलखत होतं. तेवढ्या एका बोटावर सोळा टन आणि चार माणसं घाट चढणार होती.

सेंगोडनने तुकडा हातात घेतला, खालीवर केला, परत दिला. त्याची बायको मुलींना घेऊन खाली उतरली आणि रस्त्याच्या कडेला जाऊन बसली.

मारप्पनने नवा पाटा कमानीला आणला तेव्हा मी भट्टीजवळ गेलेच नाही. आच त्याची तो बघतो. वाजवला मी, आणि मग तवमणीने रॉकेल लावून, कोरडा पुसून, वर विभूती चोळली. आम्ही सगळे त्या पाट्याकडे टक लावून बसलो, बाळ झोपतंय की नाही बघावं तसे. रेघ आली नाही.

"आता निघ," मी सेंगोडनला म्हटलं. "शंभर किलोमीटरवर थांबून पाट्यांचे यू-बोल्ट परत आवळ. विसरलास तर इथं तोंड दाखवू नको."

"अक्का," तो तवमणीकडे बघत म्हणाला, "हिला कुठून शोधून आणलीत?"

"कुमारपाळयमहून," मी म्हटलं. "मागावरचे धागे मोजत होती. कोणाला किंमत नव्हती तिची." खरं सांगायचं तर मलाही नव्हती, पण ते त्याला सांगायचं कारण नव्हतं.

लॉरी गेली तरी माझं चित्त थाऱ्यावर येईना. त्या कर्ण्यात मी अकरा जुडगे वाजवले होते. एक तडकलेला निघाला. बाकी दहा लॉऱ्या, रॉकेलाविना विभूती लावलेल्या, गावात उभ्या होत्या, माळा घालून, निघायच्या तयारीत.

"तवमणी, रॉकेलचा डबा घे. विभूतीचा डबाही."

"आता? आणि जेवण, अत्तै?"

"गाड्या निघाल्या तर कोणाला जेवण जाणार आहे?"

मारप्पनच्या मोपेडवर ती मागे बसली, मी रिक्षात. पहिली लॉरी पोन्नुसामीची, पेट्रोलपंपाजवळ. त्याने नुकताच कोहळा फोडला होता आणि चाकाखाली लिंबं ठेवत होता.

"गाडी हलवू नको," मी रिक्षातूनच ओरडले. "पाटे परत बघायचेत."

"पावायक्का, काल तर तुम्ही छातीवर हात ठेवून अखंड म्हणालात!" आजूबाजूचे चार जण हसले. "आज काय झालं?"

"काल मी म्हटलं होतं," मी उतरत म्हटलं. "आज ही बघेल, मग म्हणेल. लिंबं काढ आधी, तिला खाली शिरायचंय."