पोटातला खड्डा

गणपतीच्या सुमारास जोतीरामनं गोठ्यात जायचं सोडून दिलं होतं. दावणीला म्हशी ओरडत राहायच्या आणि हा भिंतीकडं तोंड करून पडलेला. त्याचे वडील अण्णा एकटेच धारा काढून दमून जायचे. बायको, वर्षाराणी, त्याला लहान पोरासारखं भरवायची. मग डॉक्टरांनी एक गोळी सुरू केली, पुढं तिचा डोस वाढवला, आणि दसऱ्याला गडी आपणहून उठला, अंघोळ केली आणि चरवी घेऊन धारेला बसला. सगळ्या गवळी गल्लीला हायसं वाटलं.

फक्त त्याची धाकटी बहीण क्रांती त्याच्याकडं बारकाईनं बघत होती. ती विद्यापीठात मानसशास्त्र शिकायची. अभ्यासासाठी जमवलेले चेहऱ्यांचे फोटो तिनं एका दुपारी त्याला मोबाईलवर दाखवले. हसरा चेहरा त्यानं चटकन ओळखला. मग डोळे विस्फारलेली, ओठ ताणलेली एक बाई पडद्यावर आली.

"हिला लॉटरी लागलीया," जोतीराम म्हणाला.

"दादा, ती भ्यालीया."

"मग नवरा घरी आला असंल."

वर्षाराणी खुदकन हसली. पण पुढचे भ्यालेले चेहरेही त्यानं असेच चुकवले, तसा क्रांतीचा आवाज उतरला.

"मेंदूत भीतीची वर्दी देणारा एक भाग असतोय. मनाला बरं वाटायच्या आधी ही गोळी त्याचा आवाज कमी करती. म्हणून तर जग तुझ्या अंगावर येत न्हाय आता. चांगलंच हाय ते. पण तुझ्यात तो आवाज जरा जास्तच बसलाय. गोळी बंद करू नको. नुसतं डॉक्टरांना सांग, डोस बघतील ते."

"आणि डोस कमी केला, आन् मी परत भिंतीकडं तोंड केलं म्हंजे?"

यावर क्रांतीच्या आधी अण्णाच बोलले.

"भीती गेली म्हणं! बरं झालं की! पाडव्याला म्हैस पळवायची, ते काय भित्र्याचं काम हाय व्हय? दिवाळी झाल्यावर बघू तुझ्या डॉक्टरचं."

पाडव्याला गल्लीतल्या म्हशी नटून रस्त्यावर येतात. शिंगं रंगवलेली, गळ्यात कवड्यांच्या माळा. सायलेन्सर काढलेल्या मोटारसायकलीवर मालक पुढं आणि त्याच्या हाकेवर म्हैस मागं. एवढ्या गोंगाटात जिची पावलं धन्याच्या गाडीमागून ढळत नाहीत, तिच्या धन्याचं वर्षभर नाव होतं. मात्र म्हशीचे कान मागं पडले आणि डोळ्याची पांढरी कड दिसली, की गाडी तिथंच बंद करायची आणि तिच्या मानेवर हात ठेवायचा. जोतीरामला हे कुणी शिकवावं लागलं नव्हतं. म्हैस बिथरायच्या आधीच त्याच्या पोटात खड्डा पडायचा, आणि मनात काही येण्याआधी हात किल्लीवर गेलेला असायचा.

यंदा त्यांच्या चंद्री म्हशीच्या पाठीवर हात ठेवून अण्णाही तिच्याबरोबर चालत होते. हलग्या कडाडत होत्या. कोपऱ्यावर कुणीतरी फटाक्यांची माळ लावली. जोतीरामनं गाडीवरून वळून पाहिलं. चंद्रीचे कान मागं गेले होते. डोळ्याची पांढरी कड लख्ख दिसत होती. तिच्या गळ्यातली एक कवडी फुटलीय, हेसुद्धा त्याच्या नजरेनं टिपलं. पोटात खड्डा पडायची त्यानं वाट बघितली. तो पडला नाही, तेव्हा तिचं ठीक असणार असं समजून त्यानं गाडी रेस केली.

चंद्री आडवी फिरली. अण्णा ती आणि एका दुकानाचं लोखंडी शटर यांच्यामध्ये सापडले.

त्यानंतर जोतीरामनं एकही गोष्ट चुकवली नाही. गाडी बंद केली, चंद्रीला खांबाला बांधलं, अण्णांना अलगद उचलून वर्षाराणीबरोबर रिक्षात घातलं. "डोकं थंड हाय बघ गड्याचं," माणसं कौतुकानं म्हणाली.

अण्णांच्या बरगड्या मोडून फुप्फुसात घुसल्या होत्या. अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर क्रांतीनं विचारलं, "तुला तिचा डोळा दिसला न्हाय?"

"दिसला की."

"मग?"

जोतीरामनं प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "दिसला. पण आत काय झालंच न्हाय."

वर्षाराणी बसल्या जागी जरा लांब सरकली. का, ते त्याला कळेना.

"आत्ता फोन लाव डॉक्टरांना," क्रांती म्हणाली. "माझ्यासमोर."

त्यानं मोबाईल काढला. नंबर समोर होता. काचेपलीकडं अण्णांची छाती यंत्राच्या तालावर वरखाली होत होती. आपण घाबरायला हवं, हे त्याला आजचा वार ठाऊक असावा तसं ठाऊक होतं. घाई करावी असं काही तो आपल्या आत शोधत राहिला. तिथं सगळं निवांत होतं.

"उद्या लावतो. सणाचं कशाला त्रास द्यायचा?" त्यानं मोबाईल खिशात टाकला. "चंद्रीची धार राहिलीया. मी येतो काढून."

"अवं, जाऊ नका," वर्षाराणी पटकन उभी राहिली. "जनावर अजून थरथरत असंल."

"असू दे की."

क्रांतीनं स्वतःच्या फोनवरून डॉक्टरांचा नंबर फिरवला. पलीकडं रिंग वाजत राहिली, कुणी उचलेना. जोतीराम तोवर जिन्यापाशी पोचला होता. शीळ घालत, सावकाश, तो एकेक पायरी उतरू लागला.